खापर, चिंधी आणि खराटा

संतांच्या तसबिरी पाहण्याची मराठी मनाला सवय आहे. कुणाच्या हाती वीणा असते, कुणाच्या हाती टाळ-चिपळ्या, तर कुणापुढे उघडलेली पोथी. या तसबिरींच्या ओळीत एक चित्र मात्र निराळे आहे. त्यात हाती खराटा आहे, सोबत फुटक्या मडक्याचे खापर आहे आणि अंगावर रंगीबेरंगी चिंध्या जोडून केलेला झगा आहे. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. संत गाडगेबाबांचे हे रूप आपण इतक्या वेळा पाहिले आहे की त्यातील वस्तूंकडे आपले लक्षच जात नाही. त्या एकेक करून न्याहाळल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. या माणसाच्या अंगावर जे काही होते, त्यातील जवळजवळ सारे कुणीतरी टाकून दिलेले होते.

फुटलेले मडके, विटलेले कापड, पिचलेली बांगडी. घराघरांतून ज्या वस्तू उकिरड्याच्या वाटेने जातात, त्या या संताने आपल्या देहावर मिरवल्या. २३ फेब्रुवारी २०२६ रोजी त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे पूर्ण झाली. योगायोगाची बाब अशी की, घरातला कचरा चार भागांत वेगळा करूनच द्यावा, असे सांगणारे घनकचरा व्यवस्थापनाचे नवे केंद्रीय नियमही याच वर्षी १ एप्रिलपासून लागू झाले. या दोन घटनांचा परस्परांशी वरवर काही संबंध दिसत नाही. परंतु बाबांचे चरित्र कचऱ्याच्या अंगाने वाचू लागले की तो संबंध उलगडत जातो.

देबूजी

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी किंवा देबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात परीट समाजाच्या कुटुंबात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. गावाचे मळलेले कपडे धुऊन देणे हा जातीचा परंपरागत व्यवसाय. दुसऱ्याचा मळ काढणे हे ज्या समाजाच्या वाट्याला आले होते, त्याच समाजात पुढे साऱ्या महाराष्ट्राचा मळ काढणारा पुरुष जन्मास यावा, याला नियतीची संगती म्हणता येईल. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि १८८४ मध्ये, देबूजी जेमतेम आठ वर्षांचे असताना, मरण पावले. आई सखूबाई लहानग्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या.

मामाच्या घरी देबूजींनी गुरे राखली, शेती केली. शाळेचे तोंड त्यांना पाहता आले नाही. गुराखी पोरांना जमवून भजन करणे हा त्यांचा छंद, आणि अंगमेहनतीला ते वाघ. १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली, तेव्हा निरक्षर शेतकऱ्याला कागदावरचा अंगठा कसा देशोधडीला लावतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. कर्ज, व्यसन आणि अज्ञान ही तीन दुखणी त्यांच्या पुढील साऱ्या कीर्तनांचा विषय झाली, त्याचे मूळ दापुऱ्याच्या या अनुभवात आहे.

त्यांच्या स्वभावाचा एक विशेष याच काळात दिसतो. मुलीच्या बारशाला जातभाईंना मांसाहाराचे जेवण आणि दारू देण्याची रीत होती. देबूजींनी ती मोडली आणि गोडाधोडाचे जेवण दिले. जातीत कुरबुर झाली, पण ते बधले नाहीत. परंपरेने आलेले सारेच जपायचे नाही आणि सारेच फेकूनही द्यायचे नाही, त्यातले काय ठेवावे आणि काय टाकावे हे निवडावे लागते, ही दृष्टी त्यांना तरुणपणीच आली होती. कीर्तनाची परंपरा त्यांनी ठेवली. पशुबळी, नवस, कर्ज काढून केलेली लग्ने आणि शिवाशिव त्यांनी टाकली. धान्य पाखडणारी बाई सुपातले खडे जसे वेचते, तशी ही निवड होती.

गाडगे हाच संसार

१ फेब्रुवारी १९०५ रोजी देबूजींनी घर सोडले. त्या वेळी त्यांचे वय २८ वर्षांचे होते. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि मातीचे गाडगे एवढाच प्रपंच त्यांनी सोबत घेतला. पुढील सुमारे बारा वर्षे ते गावोगाव भटकत राहिले. लोक त्यांना वेडा समजत, कुठे हाकलून देत, कुठे भाकरी वाढत. गाडग्यात पाणी प्यायचे, त्यातच भाकरी-कालवण घ्यायचे, ऊन लागले तर तेच डोक्यावर पालथे घालायचे. एका मातीच्या भांड्याने ताट, तांब्या आणि टोपी अशी तिन्ही कामे केली. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. चिंध्याबाबा हे नावही रूढ होते.

या वेशाकडे केवळ वैराग्याचे लक्षण म्हणून पाहिले जाते. ते आहेच. पण त्यात व्यवहारही आहे. फुटके म्हणून टाकलेले मडके अजून पाणी धरते. फाटले म्हणून टाकलेल्या लुगड्याचा पदर अजून धड असतो. वस्तूचा एक उपयोग संपला म्हणजे वस्तू संपली असे होत नाही. सातारा-सांगलीकडच्या घरांत हे ज्ञान एकेकाळी प्रत्येक आजीला होते. जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ शिवली जाई, चुलीतल्या राखेने भांडी घासली जात, फुटक्या घागरीत तुळस लावली जाई, आणि अगदीच निकामी झालेले कपडे देऊन बोहारणीकडून भांडे घेतले जाई. गाडगेबाबांनी या घरगुती शहाणपणाचे चालते-बोलते रूप धारण केले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आधी खराटा, मग कीर्तन

बाबांची गावात शिरण्याची रीत ठरलेली होती. वेशीपाशी पोचले की ते खराट्याने रस्ता झाडू लागत. तुंबलेली गटारे मोकळी करीत, पाणवठ्याभोवतीचा चिखल काढीत. कुणी हात लावो अथवा न लावो, त्यांचे काम सुरू राही. हळूहळू लाजेने वा कुतूहलाने माणसे जमत आणि झाडू हाती घेत. संध्याकाळी मोकळ्या, स्वच्छ झालेल्या त्याच जागेवर कीर्तन उभे राही. सकाळी ज्यांनी रस्ता झाडला तेच रात्री समोर बसलेले असत. कामाचे मोल म्हणून बाबा पैसा घेत नसत. भाकरी आणि चटणी-झुणका त्यांना पुरे होई.

कीर्तनाची तऱ्हाही वेगळी होती. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. शिकलेल्या पंडितालाही न साधणारा युक्तिवाद हा निरक्षर माणूस सहज करी. भांडी विकावी लागली, हातावर भाकरी घेऊन खावी लागली तरी चालेल, पण मुलाला शाळेत घाला, हा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. वस्तूंची उतरंड त्यांच्या मनात स्पष्ट होती. ताटाशिवाय माणसाचे अडत नाही, अक्षरावाचून अडते.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना त्यांचा मुलगा गोविंद मरण पावल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. ही हकिकत त्यांच्या चरित्रकारांनी वारंवार सांगितली आहे. स्वतःचे दुःख बाजूला ठेवून जमलेल्या लोकांचे काम पुरे करायचे, ही शिस्त त्या रात्रीही ढळली नाही.

तेव्हाचा उकिरडा, आजचा कचराडेपो

बाबा जो कचरा झाडत, तो नेमका काय होता, याचा विचार सहसा केला जात नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात खेड्यातील रस्त्यावर शेण, पालापाचोळा, कडबा, राख, खरकटे, पत्रावळी, मातीची खापरे आणि चिंध्या सापडत. यातील खापरे आणि थोडी काच सोडली, तर बाकी सारे मातीत मिसळणारे होते. गावाबाहेरचा उकिरडा म्हणजे नुसती घाण नव्हती. ते शेतकऱ्याचे खत होते. पावसाळ्यापूर्वी गाड्या भरून ते शेतात जाई. झाडलेला केर एका जागी नेऊन टाकला की निसर्ग पुढचे काम पार पाडी. त्यामुळे त्या काळी खराटा हे पुरेसे साधन होते.

आज तोच खराटा घेऊन कुणी कोरेगावच्या बाजारपेठेत उभा राहिला, तर त्याच्या ढिगात काय येईल? घेवड्याची टरफले आणि कोबीची पाने येतील, पण त्यांच्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेफर्सची चकचकीत वेष्टने, पाण्याच्या बाटल्या, लहान मुलांचे डायपर, संपलेले सेल आणि मुदत उलटलेल्या गोळ्यांची पाकिटेही येतील. हा ढीग उकिरड्यावर नेऊन टाकला तर त्याचे खत होत नाही. ओला भाग हवेविना कुजून मिथेन वायू तयार होतो, त्याला आग लागते, प्लॅस्टिकचा धूर गावावर पसरतो. भाजीच्या देठांबरोबर सेलमधील विषारी धातूही मातीत आणि पाण्यात उतरतात. झाडून एका जागी गोळा केलेला कचरा आता अधिकच घातक ठरतो. म्हणून झाडण्याच्या पुढचे पाऊल अपरिहार्य झाले आहे. ते पाऊल म्हणजे वेगळे करणे, आणि ते उचलण्याची योग्य जागा म्हणजे घरातले स्वयंपाकघर.

पंढरीच्या वाळवंटात

आषाढी-कार्तिकीला बाबा पंढरपुरास जात. दर्शनाच्या बारीत मात्र ते दिसत नसत. वारकऱ्यांनी घाण केलेले चंद्रभागेचे वाळवंट आणि रस्ते झाडण्यात त्यांची एकादशी सरे. भाविकांच्या श्रद्धेची त्यांनी टिंगल केली नाही, परंतु देव गाभाऱ्यात आणि घाण नदीकाठी ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. दगडाच्या मूर्तीपेक्षा भुकेला, आजारी, निराश्रित माणूस हाच त्यांना देव वाटे. विदर्भात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे यात्रेकरू चिखलातून घसरत पाण्यापर्यंत जात; तेथे १९०८ मध्ये त्यांनी लोकांच्या श्रमातून घाट उभा केला. पुढे नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी अशा तीर्थक्षेत्री त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाल्या, अन्नछत्रे चालली.

या अन्नदानाच्या पंगतीही पाहण्यासारख्या असत. आंधळे, पांगळे, महारोगी यांना आधी वाढले जाई. बाबा स्वतः वाढण्यात आणि पंगत उठल्यावर उष्टी काढण्यात असत. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण यांवर हजारो माणसे जेवली तरी मागे राही तो गुरांच्या आणि शेताच्या कामाचा पाला. आपल्या लग्नकार्यांतून पुढे पत्रावळीची जागा थर्माकोल आणि प्लॅस्टिकने घेतली. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये थर्माकोलच्या आणि एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. तरीही कार्यालयांच्या मागच्या दाराशी त्यांचे ढीग अधूनमधून दिसतात. उष्ट्या अन्नाने माखलेली अशी ताटे ना खताच्या कामाची, ना भंगारवाल्याच्या.

झाडू कुणाच्या हातात?

गाडगेबाबांच्या कार्याचा सर्वांत मूलगामी भाग कोणता, असे विचारले तर त्याचे उत्तर धर्मशाळा अथवा घाट असे देता येणार नाही. खराटा कुणाच्या हाती असावा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर हा तो भाग होय. घाण करणारा एक आणि ती काढणारा दुसरा, आणि हा दुसरा जन्मानेच ठरलेला, अशी आपल्या समाजाची व्यवस्था होती. झाडू हे जातीचे चिन्ह होते. बाबांनी ते उचलून संताचे चिन्ह केले. पाटील, कुलकर्णी, व्यापारी अशा प्रतिष्ठितांच्या हाती त्यांनी तो दिला. कीर्तनाला यायचे तर आधी रस्ता झाडायचा, हा अलिखित नियम जातिव्यवस्थेवर घातलेला घाव होता.

पंढरपुरात वारीला येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांना राहायला जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी १९१७ च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा बांधली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी त्यांना अपार आदर होता आणि बाबासाहेबांनाही या निरक्षर कीर्तनकाराची थोरवी ठाऊक होती. १९४९ मध्ये ही धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्याची वास्तू शिक्षणाच्या कामी लागली.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. घरातला कचरा आपण एकत्र करून दिला, तरी तो कुठेतरी, कुणाच्यातरी हाताने वेगळा होतोच. खरकट्यात हात घालून बाटली शोधणारा, डायपरच्या ढिगातून पुठ्ठा ओढणारा तो हात बहुधा एखाद्या कष्टकरी स्त्रीचा असतो, आणि अजूनही बहुधा दलित समाजातील असतो. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. कचरा उगमापाशीच वेगळा करून द्या, ही या कष्टकऱ्यांची मागणी आहे. ओल्या कचऱ्यात न भिजलेला कागद विकला जातो आणि हातही कापत नाही. घरात वर्गीकरण करण्यास लागणारी दोन मिनिटे आपण वाचवतो, तेव्हा ते काम संपत नाही. ते केवळ खालच्या मानलेल्या हातांकडे सरकते. गाडगेबाबांनी ज्या व्यवस्थेविरुद्ध आयुष्यभर खराटा चालवला, ती अशी मागल्या दाराने घरात शिरते.

हिशेबी फकीर

लोकांनी बाबांच्या शब्दावर लाखो रुपये दिले. त्यांतून शाळा, वसतिगृहे, रुग्णालये, गोरक्षणाच्या संस्था आणि मुंबईत दवाखान्यात येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या. या साऱ्या मालमत्तेत स्वतःच्या कुटुंबाला जागा राहणार नाही, याची त्यांनी दक्षता घेतली. कुटुंबाचे लोक साध्या झोपडीत राहिले. सार्वजनिक पैसा आणि घरचा पैसा यांची सरमिसळ त्यांनी कधी होऊ दिली नाही. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी पंढरपूर येथे गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन हे काम एका विश्वस्त संस्थेकडे गेले. त्यांनी कुणाला गुरुमंत्र दिला नाही, मठ स्थापला नाही. भक्तांनी पायांवर डोके ठेवू नये, असा त्यांचा कटाक्ष असे; कुणी पाया पडायला आला तर ते काठी उगारीत.

सातारा जिल्ह्याशी त्यांचा जवळचा ऋणानुबंध होता, तो कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यामुळे. भाऊरावांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि पुढे साताऱ्याला वसतिगृह सुरू करून सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवली. ही मुले स्वतः झाडलोट करीत, शेतात राबत, दगड फोडीत. कमवा आणि शिका या मार्गात गाडगेबाबांना स्वतःचाच विचार दिसला असल्यास नवल नाही. १९५४ मध्ये कराड येथे रयतचे महाविद्यालय निघाले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याच्या नावाने पदवीचे शिक्षण सुरू व्हावे, ही घटना महाराष्ट्राला भूषणावह आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलापाशी प्रवासात असतानाच गाडगेबाबांचे देहावसान झाले. त्यांचे वय ८० वर्षांचे होते. भटकंतीत सुरू झालेले आयुष्य वाटेवरच संपले.

अंजनीपासून धामणेरपर्यंत

त्यांच्या नावाची महती पुढील पिढीला नव्याने कळली ती दोन मार्गांनी. १९७७ मध्ये राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट आला आणि डॉ. श्रीराम लागू यांनी साकारलेले बाबा घरोघर पोचले. दुसरा मार्ग शासनाचा. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याच्या अंजनी गावातून आलेले आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावाला आधी निधी द्यायचा आणि मग काम पाहायचे, हा सरकारी क्रम या अभियानाने उलटा केला. गावांनी श्रमदानातून स्वच्छता करावी आणि उत्तम कामाला बक्षीस मिळावे, ही योजना बाबांच्या रीतीला धरून होती. आधी खराटा, मग कीर्तन.

सातारा जिल्ह्याने या अभियानात हिरिरीने भाग घेतला. खटाव तालुक्यातील निढळ, माण तालुक्यातील लोधवडे आणि कोरेगाव तालुक्यातील धामणेर ही गावे आपल्या कामामुळे राज्यभर ओळखली जाऊ लागली. गावकऱ्यांनी शौचालये बांधली, सांडपाण्याची सोय केली, रस्त्याकडेचे उकिरडे हलवले. एखाद्या गावाने मनावर घेतले तर काय घडू शकते, याची साक्ष कोरेगावकरांना शोधण्यासाठी तालुक्याबाहेर जावे लागत नाही.

परंतु स्पर्धेचा उत्साह वर्षभर टिकतो. सवय लागायला घराघरात रोजचा नेम लागतो. कोरेगाव आता नगरपंचायतीचे गाव आहे. पुसेगावकडून पंढरपुराकडे जाणारा रस्ता येथूनच निघतो, रेल्वेचे स्थानकही आहे. अशा वाढत्या गावात पूर्वीचा उकिरडा उरत नाही आणि मोठ्या शहराची यंत्रणाही लगेच हाताशी येत नाही. म्हणून दारात येणाऱ्या घंटागाडीत काय आणि कसे पडते, याला येथे अधिक महत्त्व आहे.

चार डबे, एक नेम

२०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते. २०२६ च्या नियमांनी ते चार केले आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. ही विभागणी समजायला सोपी आहे.

ओल्यात भाज्यांची साले, उरलेले अन्न, चहाचा चोथा, अंड्यांची टरफले, निर्माल्य. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्याचा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून मोठा भाग हाच असतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून देऊ नये. पिशवीतून त्याचे खत होत नाही. अंगण असेल तर खड्ड्यात किंवा भोके पाडलेल्या बादलीत वाळक्या पाल्याच्या थरांसह तो टाकावा. अधूनमधून खालीवर केला तर दोन-तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत हाती येते.

सुक्यात कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, धातू, काच, जुने कपडे. येथे एकच पथ्य आहे, ते म्हणजे वस्तू स्वच्छ आणि कोरडी असावी. वरण लागलेला एक डबा सगळ्या रद्दीची नासाडी करतो. दुधाची पिशवी विसळून वाळवावी आणि कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नये. तो इवलासा तुकडा पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही, तो गटारातच जातो. काच फुटली असल्यास जाड कागदात गुंडाळून वर तसे लिहावे. वेफर्स-चिवड्याची चकचकीत वेष्टने भंगारवाला घेत नाही, तरी ती सुक्यातच द्यावीत. सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून त्यांचा उपयोग करता येतो.

सॅनिटरी भागात डायपर, सॅनिटरी पॅड अशा वस्तू कागदात घट्ट गुंडाळून, ओळखू येतील अशा खुणेने द्याव्यात. चौथ्या भागात ट्यूबलाइट, बल्ब, रंगाचे डबे, पाऱ्याचा तापमापक, मुदत संपलेली औषधे यांसारख्या वस्तू येतात. त्या रोज निघत नाहीत. एका खोक्यात साठवून नेमून दिलेल्या केंद्रावर किंवा ठरलेल्या दिवशी द्याव्यात.

वेगळा केलेला कचरा पुढे गाडीत पुन्हा एकत्र होतो, अशी तक्रार अनेक गावांत ऐकू येते, आणि जेथे तसे होते तेथे ती रास्तही आहे. त्याबद्दल पालिकेला आणि नगरपंचायतीला जाब विचारलाच पाहिजे. पण विचारण्याचा अधिकार त्यालाच शोभतो ज्याच्या घरातून कचरा वेगळा होऊन बाहेर पडतो. गाव झाडायला येईल याची वाट पाहत बाबा वेशीवर थांबले नाहीत. त्यांनी झाडायला सुरुवात केली आणि गाव आले.

त्यांच्या तसबिरीला हार घालणारे आपण पुष्कळ आहोत. त्यांच्या नावाच्या दिवशी झाडू हाती घेऊन छायाचित्रे काढणारेही कमी नाहीत. बाबांना हारतुऱ्यांचे वावडे होते, हे त्यांच्या चरित्रात पानोपानी दिसते. कोमेजलेला हार उतरवल्यावर त्याची फुले ओल्या डब्यात आणि त्याचा प्लॅस्टिकचा धागा सुक्या डब्यात गेला, तर त्या पूजेला काही अर्थ उरेल.